आधी वही, मग लॅपटॉप

पोरी, सोमवारपासून तू बीसीएला सोलापूरला जाणार आणि लॅपटॉपवरून घरात रोज वाद चाललाय, हे कानावर आलंय माझ्या. बापाला एवढ्यात खर्चात पाडू नकोस. पहिलं सेमिस्टर लॅपटॉपवाचून अडत नाही. कॉलेजात लॅब आहे, आणि सी भाषा तर मोबाइलवरही चालते. शंभर पानी वही तेवढी घे.

मी शिकलो ते टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ मांडीवर घेऊन. पहिल्याच महिन्यात टक्केवारीचा प्रोग्राम लिहिला. 500 पैकी 437 गुण. 437 भागिले 500, गुणिले 100. उत्तर आलं 0! पोरं फिदीफिदी हसली. मी शहाणपणा केला, गुणाकार आधी घेतला. उत्तर आलं उणे 43.

घरी आबांना सांगितलं. ते इथं कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण म्हणाले, “बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरच्या डब्यातला माल मोठ्या लाइनच्या वाघिणीत आपसूक जातो का रं? उतरवून चढवावा लागतो.” 1897 साली ती लाइन सुरू झाल्यापासून कुर्डुवाडीच्या हमालांचं पोट त्यावरच चाललं. माझी गोमही तिथंच होती. दोन पूर्णांकांचा भागाकार सी पूर्णांकातच ठेवतं, 0.874 मधला दशांश खाली सांडला, उरला शून्य. आणि टर्बो सीच्या पूर्णांकाच्या, म्हणजे इंटच्या डब्यात 32767 च्या वर काही मावत नाही. 43700 घातले, ते उलटून उणे झाले. 100 च्या जागी 100.0 लिहून गुणाकार आधी घेतला, छापताना परसेंट डी काढून परसेंट एफ घातला, तेव्हा कुठं 87.4 दिसले.

तुमच्या आताच्या कंपायलरचा डबा मोठा असतो. तिथं गुणाकार आधी घेतलेला तोच दुसरा प्रोग्राम 87 दाखवेल, आणि तू खूश होशील. मला विचारशील तर उणे 43 परवडलं. चूक निदान तोंडावर तरी येते.

म्हणून वही. पानावर उभे रकाने आखायचे, प्रत्येक व्हेरिएबलला एक. प्रोग्रामची एकेक ओळ वाचायची आणि किंमत बदलली की जुनी खोडून नवी लिहायची. लूप पाच वेळा फिरणार असेल तर पाचही वेळा आपण फिरायचं. उत्तर वहीत आलं की मगच रन करायचं. कंटाळा येतो, पंधरा दिवस येतोच.

एरर वीस आल्या तरी पहिलीच वाच. ती दुरुस्त केली की बाकीच्या बऱ्याचशा आपोआप जातात. आणि ती दाखवते त्या ओळीच्या वरची ओळही बघ, सेमीकोलन बहुतेक तिथंच राहिलेला असतो.

जर्नल कुणाचं उतरवू नकोस. आमच्या वर्गात एकाची चूक चाळीस जर्नलांत उतरली होती, स्पेलिंगसकट. हल्ली मोबाइलला विचारलं की तयार प्रोग्राम मिळतो म्हणे. विचार की, पण आपला पुरा लिहून झाल्यावर, आणि त्याचाही रकाना आखून बघ.

रविवारी ये. चहा काकू करेल. 1 ते 10 ची बेरीज रकान्यात मांडून आण, लॅपटॉपचं बापाशी मी बोलतो.