शैलचित्रांचे छायाचित्रण : प्रकाशानुसार कॅमेऱ्याची मांडणी

भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, रायसेन जिल्ह्यात, भीमबेटका येथील शैलाश्रय आहेत. पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली त्यांचा शोध लावला. २००३ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. गेरूच्या तांबड्या व पांढऱ्या रंगांत काढलेली येथील चित्रे ऊन, पाणी व मानवी स्पर्श यांमुळे झिजू शकतात. पुसट झालेले चित्र पुन्हा मिळत नाही. म्हणून त्याचे अचूक छायाचित्र हा एक दस्तऐवजच होय. शाळांच्या सहलींनी व अभ्यासकांनी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

ऊन आणि सावली : लख्ख उन्हात आयएसओ १००, अॅपर्चर एफ १६ व शटर १/१०० सेकंद ही मांडणी सामान्यतः योग्य ठरते. त्याच वेळी शैलाश्रयाच्या उघड्या सावलीत, शटर तेच ठेवल्यास, एफ ४ लागते; म्हणजे सुमारे सोळापट अधिक प्रकाश घ्यावा लागतो. ऊन व सावली एकाच चौकटीत आल्यास कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येत नाहीत. याकरिता उन्हाचा भाग चौकटीबाहेर ठेवावा. उजळ आकाश चौकटीत आल्यास कॅमेरा फसतो व भिंत काळी येते. अशा वेळी प्रकाशाची मात्रा एक टप्पा वाढवावी.

तिपाईचा उपयोग : खडक ओबडधोबड असल्याने संपूर्ण चित्र रेखीव येण्यासाठी एफ ८ ठेवणे हितावह असते. तेव्हा वरील सावलीत शटर सुमारे १/२५ सेकंदावर येते व आतील बाजूस त्याहूनही मंद होते. हातात धरलेला कॅमेरा या वेगाला हलतो. आयएसओ फार वाढविल्यास चित्रात दाणे दिसू लागतात व पुसट रेषा त्यांत हरवतात. म्हणून तिपाई वापरावी आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. तिपाई खडकाच्या चित्रित पृष्ठभागापासून दूर ठेवावी.

रंगांची सत्यता : सावलीत येणारा प्रकाश आकाशाचा असल्याने निळसर असतो व त्यामुळे गेरू फिका भासतो. व्हाइट बॅलन्स ‘छाया’ या स्थितीवर ठेवावा. शक्य तर पहिल्या छायाचित्रात करड्या रंगाचा कागद धरावा. पुढे संगणकावर रंग जुळविताना त्याचा आधार मिळतो. फ्लॅशचा समोरून पडणारा झोत खडकावर चकाकतो व पृष्ठभागाचा उठाव नाहीसा करतो, तो टाळावा.

चित्र उठावदार दिसावे म्हणून भिंतीवर पाणी शिंपडणे ही अत्यंत हानिकारक प्रथा होय. ओलाव्याने क्षार पृष्ठभागावर येऊन रंगावर पांढरा थर जमतो. पुसट रंग संगणकाच्या साहाय्याने ठळक करण्याच्या पद्धती आज उपलब्ध असल्याने भिंतीला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

सांची येथील तोरणांवरील कोरीव कामास मात्र वेगळा नियम लागू होतो. तेथे सकाळचे वा सायंकाळचे तिरपे ऊन उपकारक ठरते. कारण सावल्यांमुळेच शिल्पाची खोली दिसते.

प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, वेळ व शैलाश्रयाचा क्रमांक नोंदवावा आणि चित्राला न टेकविता मोजपट्टी ठेवावी. काही वर्षांनी त्याच जागेवरून घेतलेल्या छायाचित्राशी तुलना करता झीज किती झाली, हे त्यावरून समजू शकेल.