माळ्यावरची पाणबुडी

अगं, काल फोनवर मी एकदम "विकू नकोस" म्हणाले आणि कारण न सांगताच फोन ठेवला. रात्रभर चुटपुट लागली. आता मुलं शाळेत गेलीत, तर नीट लिहिते.

बाळकुम गावठाणातलं घर रिकामं करताना माळ्यावर काकांचं ते खोकं निघालं, हे ऐकून मला भरून आलं. काका बोटीवर होते, जपानहून परत येताना त्यांनी पाणबुडीच्या प्लॅस्टिक मॉडेलचं ते किट आणलं होतं. दर सुट्टीत उघडून बघायचे आणि "पुढच्या खेपेला जोडू" म्हणून ठेवून द्यायचे. तुला ऑफिसात कुणी सांगितलं की न जोडलेल्या जुन्या किटला चांगली किंमत येते. येते, खोटं नाही. पण ते काकांनी जोडायला आणलं होतं गं. तू जोड. आणि खोक्यावर लिहिलंय तशी आय-१९ म्हणून नको, आय-२९ म्हणून जोड.

दोघी सख्ख्या बहिणी, जपानी नौदलाच्या बी-१ वर्गातल्या पाणबुड्या. खोक्यावर आय-१९ आहे, कारण तिने १५ सप्टेंबर १९४२ ला सहा टॉर्पेडोंच्या एकाच फैरीत 'वास्प' ही अमेरिकन विमानवाहू नौका बुडवली आणि ती प्रसिद्ध झाली. पण आपल्याला जवळची आय-२९. नेताजी तिच्यात बसले होते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीत चढले. अडीच महिन्यांहून जास्त काळ त्या डिझेलच्या वासात, अटलांटिक उतरून, आफ्रिकेला वळसा घालून. २६ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला भर समुद्रात आय-२९ भेटली, पण समुद्र इतका खवळलेला की एका बोटीतून दुसरीत जाता येईना. दोन दिवस थांबावं लागलं. २८ तारखेला दोघं रबरी होडीतून, चिंब भिजून, जपानी पाणबुडीवर पोहोचले. मे महिन्यात सुमात्राजवळच्या सबांगला उतरले. ४ जुलैला सिंगापुरात नेताजींनी आझाद हिंद सेनेची सूत्रं हाती घेतली, आणि त्याच वर्षी आपल्या तांब्यांच्या लेकीच्या, झाशीच्या राणीच्या नावाने बायकांची पलटण उभी राहिली. आय-२९ च्या खलाशांबरोबर बसलेल्या नेताजींचा फोटो आहे. तो छापून टेबलासमोर लाव.

आता जोडायचं कसं. पहिली गोष्ट, पहिल्या रात्री ग्लू उघडायचाच नाही. माझं पहिलं किट मी एका रात्रीत जोडलं, सकाळी दोन्ही अर्ध्यांमध्ये नखभर फट होती. त्या फटीचं मला आजही वाईट वाटतं. सगळे भाग फ्रेमवरच असू देत आणि कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून धू. साच्यातून प्लॅस्टिक सुटावं म्हणून लावलेलं तेल त्यावर असतं, त्यावर रंग धरत नाही. मग प्रत्येक भाग कटरने काप, मोडून काढू नकोस. इतक्या वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, पेरिस्कोप तर हमखास तुटतो.

धड म्हणजे डावा आणि उजवा असे दोन लांब अर्धे. माप १:२००, म्हणजे खऱ्या १०८.७ मीटरच्या बोटीचे साधारण ५४ सेंटिमीटर. एवढ्या लांबीत एक अर्धा थोडा वाकलेला असणारच. गरम (उकळत्या नव्हे) पाण्यात धरून हळूहळू सरळ कर, गार होईपर्यंत हातात धरून ठेव. चिकटवताना सगळं एकदम नको: आधी नाळ, ती वाळू दे, मग वीतभर पुढे, पुन्हा वाळू दे. रबरबँड आणि मास्किंग टेपने आवळून ठेव. फट राहिलीच तर पुट्टी भर आणि ओल्या पॉलिश पेपरने घास, आधी ४०० नंबरच्या, मग ८०० च्या. त्या रेषेवर नख फिरवून बघ. नख अडलं की अजून घासायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं मॉडेल याच रेषेवर उभं राहतं. खिडकी उघडी ठेव, ग्लूचा वास छातीत जातो. आईला दमा आहे हे विसरू नकोस.

टॉवरच्या पुढे ती जाड नळी दिसते ना, तो विमानाचा हँगर. पाणबुडीत विमान! पंख सोडवून आत ठेवायचं, वर आल्यावर जोडायचं, नाळेकडे जाणाऱ्या रुळावरून कॅटापल्टने उडवायचं. परतलं की ते पाण्यावर उतरायचं आणि क्रेनने उचलून घ्यायचं. पुढचा डेक रुळाने अडवला, म्हणून तोफ टॉवरच्या मागे आहे. ती चूक समजून पुढे लावू नकोस. याच वर्गातल्या आय-२५ च्या विमानाने १९४२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलावर बॉम्ब टाकले होते. आणि आपल्या आय-२९ च्या विमानाने त्याच वर्षी मे महिन्यात सिडनीवर टेहळणी केली होती. विमान अकरा मीटर पंखांचं, तुझ्या हातात साडेपाच सेंटिमीटर येईल.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं नि आकडे, पिवळे पडले असतील. झिपच्या पिशवीत घालून आठवडाभर खिडकीच्या काचेला चिकटव, उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात टाकण्याआधी त्यांच्यावर क्लिअर वार्निशचा पातळ हात दे, नाहीतर पाण्यात तुकडे होऊन तरंगतात. आधी नको असलेला एक डिकल बुडवून बघ. टॉवरवरच्या आकड्यात १ च्या जागी २ हवा, तो बारीक ब्रशने हाताने काढ. तुझी रांगोळी काढायची बोटं आहेत, जमेल. रंगकाम मात्र मृग लागायच्या आत उरक. खाडीवरची ती दमट हवा आली की स्प्रेच्या रंगावर पांढुरकी झाक येते. आणि चकचकीत रंग नकोच. तीन आठवडे समुद्रात राहिलेली बोट आहे ती. एरियलची तार करायला फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढ, केसासारखा धागा निघतो. त्याच्याच तुकड्यांतून रबरी होडीतली दोन माणसं कर. या मापात माणूस जेमतेम साडेआठ मिलिमीटर.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, म्हणूनच एवढं लिहिलं. याच आय-२९ ने सप्टेंबर १९४२ मध्ये एडनच्या आखातात आणि आपल्या अरबी समुद्रात व्यापारी जहाजं बुडवली होती. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकणातले कितीतरी खलाशी काम करायचे, आपल्या काकांसारखेच घरदार सोडून गेलेले. ज्या बोटीने नेताजींना आशियात आणलं, तिच्या टॉर्पेडोंसमोर आपलीही माणसं असू शकत होती. खालच्या पाटीवर फक्त २८ एप्रिल १९४३ लिहू नकोस. सप्टेंबर १९४२ सुद्धा लिही. आणि २६ जुलै १९४४ लिही, त्या दिवशी लुझॉनच्या उत्तरेला 'सॉफिश' या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवलं. पाहुणे विचारतील, तेव्हा तिन्ही तारखा सांग. काकांनी तसंच सांगितलं असतं. समुद्रावरची माणसं बुडालेल्या बोटीबद्दल, मग ती कुणाचीही असो, आवाज खाली आणून बोलतात, हे मी त्यांच्याकडूनच पाहिलंय.

पुढच्या रविवारी मी कापूरबावडीला उतरून रिक्षाने येते. बारीक चिमटा आणि पॉलिश पेपर मी आणते, तू पुट्टी आणून ठेव. तोवर धड जोडून घे. हँगरचं दार मात्र मी येईपर्यंत चिकटवू नकोस.