विजेच्या सॉकेटची परीक्षा

घरांतील ज्या वस्तूंकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं, त्यांपैकीं भिंतीवरील विजेचें सॉकेट ही एक होय. दिवा लागला, इस्त्री तापली, कीं आपलें समाधान होतें. परंतु घरास लागणाऱ्या कित्येक आगींचें मूळ अशाच एखाद्या ढिल्या सॉकेटांत असतें. म्हणून त्याचा दोष कसा ओळखावा व ओळखल्यावर काय करावें, याचा येथें विचार करूं.

प्रथम कारण पाहूं. आपल्या घरीं वीज २३० व्होल्ट दाबानें येते. सॉकेटांतील पितळी पातीं पिनेस घट्ट धरून ठेवतात. वारंवार उपयोगानें तीं ढिलीं पडलीं, किंवा त्यांवर कळंक चढला, म्हणजे तेथें प्रवाहास अडथळा होऊन उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, असें जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलें. समजा, अडथळा अर्धा ओहम आहे. २,००० वॅटचा गीझर सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, ८.७ चा वर्ग सुमारें ७६, व त्याची निमपट ३८. इतक्या वॅटची उष्णता त्या बंद डबींत सांठत राहते. उलटपक्षीं ९ वॅटचा दिवा लावल्यास ती एक सहस्रांश वॅटहि भरत नाहीं. तेव्हां, दिवा नीट लागतो म्हणून सॉकेट निर्दोष आहे, हें अनुमान किती फसवें! शिवाय येथें प्रवाह नेहमींहून अधिक नसल्यामुळें फ्यूज वितळत नाहीं, कीं एमसीबीहि पडत नाहीं. राखण आपणांसच करावी लागते.

दोषाचीं चिन्हें पुढीलप्रमाणें होत: सॉकेटाचा पृष्ठभाग तपकिरी वा काळसर होणें, जळकट वास येणें, तडतड असा आवाज होणें, पिन आपोआप निसटणें, पिन काढल्यावर ती हातास ऊन लागणें, पावसाळ्यांत सभोंवतालची भिंत ओलसर दिसणें. उपकरणाच्या पत्र्यास हात लावतांच झिणझिण्या आल्या, तर अर्थिंगचा दोष समजावा. सॉकेटाचें वरचें मोठें छिद्र त्याकरितांच असते. पिनेचा तो दांडा मोडून काम भागवूं नये.

यांपैकीं एकहि चिन्ह दिसल्यास प्रथम मेन स्विच बंद करावा, मगच पिन काढावी. केवळ सॉकेटाचें बटण बंद करणें पुरेसें नाहीं. तारा उलट जोडलेल्या असल्यास बटण बंद असूनहि आंत वीज राहते. धूर वा ज्वाळा दिसल्यास पाणी मुळींच टाकूं नये. उघड्या तारा काडेपेटीच्या काडीनें छिद्रांत खोंचण्याची संवय कायमची सोडावी. जुनें सॉकेट परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्यावें. गीझरसारख्या उपकरणास १६ अँपिअरचेंच असावें.

नवें सॉकेट थोडक्या पैशांत मिळतें. जळालेलें घर पुन्हां उभारतां येईल, गेलेला जीव मात्र परत आणतां येत नाहीं. म्हणून आज सायंकाळींच प्रत्येक विद्यार्थ्यानें वडील माणसांसह आपल्या घरचीं सॉकेटें एकदां निरखून पाहावीं.