अंगाला विचारा, आरशाला नंतर

आई-बाबांनो,

मुलांशी आपली सगळ्यात जास्त खडाजंगी अभ्यासावरून होते, असा आपला समज असतो. एक दिवस घरातली बोलणी जरा कान देऊन ऐका. सकाळी 'स्वेटर घाल', दुपारी 'डबा का उरला', संध्याकाळी 'हे काय घालून निघालास', रात्री 'ताटातलं संपवल्याशिवाय उठायचं नाही'. दिवसाची निम्मी कुरबुर कपड्यांची आणि खाण्याची! आणि दोन्हीकडे आपला खाक्या तोच. मुलाला गरम होतंय की गार, भूक आहे की पोट भरलंय, हे त्याला न विचारता आपणच ठरवून मोकळे होतो. मग तेच मूल चौदाचं होतं, एप्रिलच्या उन्हात हूडी घालून फिरतं, चिप्सच्या पाकिटाचा तळ दिसेपर्यंत हात थांबवत नाही, आणि आपण कपाळावर हात मारतो, 'याला स्वतःचं काही कळतच नाही!' कळणार कसं? कळून घ्यायची पाळी त्याच्यावर आपण येऊच दिली नाही.

म्हणून आजचं हितगुज याबद्दल. मुलांना हौसेनं नटू द्या, आवडीनं खाऊ द्या. फक्त दोन्ही वेळी अंग काय म्हणतंय ते ऐकायची सवय त्यांना लहानपणीच लागू दे. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जेवणाच्या बाबतीत पालक आणि मुलांमध्ये कामाची छान वाटणी करून दिली आहे. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे पालकांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. कपड्यांनाही हीच वाटणी लावून पाहा. ऋतूला चालणारे तीन-चार जोड आपण समोर ठेवायचे. त्यातला कुठला, कशावर काय आणि कुठला रंग, ही मुलाची मर्जी. मग पिवळ्या कुर्त्याखाली जांभळी पँट येईल. येऊ दे. दोन्ही सुती आहेत ना, मग त्या रंगसंगतीनं कुणाचं काही बिघडत नाही.

आपल्याकडे हा विचार जुनाच आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा एक अध्याय आहे आणि किती खावं याचाही वेगळा अध्याय आहे. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि नव्याचा पहिला आठवडा हा ऋतुसंधीचा काळ. त्यात जुन्या सवयी हळूहळू सोडाव्यात आणि नव्या हळूहळू धराव्यात, असं तिथे सांगितलंय. एका रात्रीत काही बदलू नये. कपड्यांचं कपाट आवरायला हाच काळ उत्तम. माळ्यावरची पिशवी खाली काढा, मुलांना सोबत बसवा, एकेक कपडा अंगात घालायला लावा. 'हे मानेला टोचतं', 'हे काखेत दाटतं', 'यात पळता येत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून येऊ देत. जो टोचतो तो कितीही महागाचा असला तरी बाजूला. नवीन शिवायला टाकणार असाल तर शिंप्याला शिवणीत चांगली माया ठेवायला सांगा; उंची वाढेल तसं उसवता येतं आणि आजच्या आज दोन मापं मोठा ढगळ झगा घालून मुलीला वर्षभर फिरावं लागत नाही. मापात बसलेला, स्वच्छ, इस्त्री केलेला साधा सदरा जी ऐट आणतो, ती चमचमणाऱ्या ढगळ पोशाखाला येत नाही.

उन्हाळ्याकडे वळू. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्याच दिवसांत लग्नसराई, आणि त्याच लग्नात पाच वर्षांचा पोरगा मखमली शेरवानीत. आत अस्तर पॉलिएस्टरचं, गळ्याशी जरीची ताठ पट्टी. तो सारखा मान वाकडी करून खाजवतोय, केस कपाळाला चिकटलेत, आणि मंडळी म्हणतायत, 'काय राजबिंडा दिसतोय!' पंगतीत त्याच्या पुढे जिलेबी येते, त्याला हवं असतं पाणी. तो रडतो आणि बोल लागतो त्याला, 'किरकिर करतो नुसता!' अहो, पोराला उकडतंय. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्क्यांपर्यंत सहज धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. घाम कापडात शिरतच नाही, अंगावरच साचतो. लग्नाला ऐट हवीच, तर पातळ सुती कुर्ता घ्या, वर खणाची बिनबाह्यांची बंडी द्या. फोटो होईपर्यंत घालेल, मग काढून ठेवेल. मुलीला आजीच्या जुन्या, मऊ पडलेल्या इरकलीचं परकर-पोलकं शिवा. बाजारातल्या जाळीच्या फ्रॉकपेक्षा देखणं दिसतं आणि अंगालाही लागत नाही.

उन्हाळ्याचं खाणंही असंच. पन्हं, ताक, कोकम सरबत, कैरीची डाळ ही चैत्राच्या हळदीकुंकवाची आणि घराघरातली जुनी सोय आहे. आंबा तर हवाच. आंब्यावरून मुलांना टोकू नका, फक्त तो जेवणानंतर वरून घालू नका, जेवणातच धरा. आमरस असेल त्या दिवशी आणखी गोड नको, आणि रसात साखरही नको. मुळात फळ चावून खाल्लेलं बरं. जागतिक आरोग्य संघटना जी साखर कमी करायला सांगते, तिच्यात मधातली आणि फळांच्या रसातली साखरही धरते. अख्ख्या फळातली धरत नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात. इथे मात्र सुताचा हट्ट सोडा. जाड जीन्स भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि ओलेत्या शिवणीनं मांड्या सोलवटतात. पटकन वाळणारं हलकं कापड, गुडघ्यापर्यंतची पँट, रस्त्यावर दुरून दिसेल असा भडक रेनकोट आणि दप्तरात मोज्यांचा एक कोरडा जोड, एवढ्यानं भागतं. रविवारी भजी जरूर तळा, पण परात भरून मध्ये ठेवू नका. गरम गरम, चार-चार, प्रत्येकाच्या बशीत वाढा. हवीत त्याला आणखी दोन मिळतील. फक्त ती मागून घ्यावी लागतील, आणि मागण्याआधी मूल क्षणभर स्वतःलाच विचारतं.

दिवाळीपाशी जरा थांबते, कारण नटणं आणि खाणं दोन्ही इथे कळसाला पोचतात. आधी कपड्यांची एक गोष्ट ठामपणे सांगते, इथे मर्जी मुलांची नाही, आपली. फटाक्यांपाशी, पणत्यांपाशी कृत्रिम धाग्याचा घोळदार पोशाख नको. नायलॉन-पॉलिएस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. घेरदार झगा, लोंबती ओढणी ही आधी नातेवाइकांकडे मिरवायला. अंगणात उतरताना अंगाबरोबरचा सुती कपडा. आता फराळ. डबे कुलपात ठेवलेत तर मुलं चोरून खातील, उघडे टेबलावर ठेवलेत तर येता-जाता खातील. त्यापेक्षा फराळाची वेळ ठरवा. दुपारी चारला छोट्या ताटलीत एक करंजी, एक चकली, मूठभर चिवडा, आणि समोर बसून गप्पा. बसून, बघून, चवीनं खाल्लं की थोडक्यात समाधान होतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात; टीव्हीपुढे तोवर अर्धा डबा रिकामा होतो.

पुढे थंडी. नाशिक, निफाडकडच्या मुलांना सकाळी शाळेत निघताना एक भलाजाड स्वेटर चढवण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर जाकीट. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि दहा वाजता ऊन चढलं की मुलाला स्वतःहून एकेक थर उतरवता येतो. 'स्वेटर काढू नकोस हं' हा हुकूम मागे घ्या. गार वाटलं तर घाल, गरम झालं तर काढ, पण शाळेत विसरू नकोस, एवढं पुरे. संक्रांतीला आपल्याकडे काळ्या रंगाची हौस असते. उन्हाची ऊब शोषणारा रंग ऐन थंडीच्या सणाला. बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घालून बसलेल्या बाळाएवढं ऋतूला शोभेल असं नटलेलं दुसरं कोण असणार! तीळ, गूळ, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, ओले हरभरे आणि पावटे घातलेली भोगीची भाजी, सगळं त्या हवेचं. या दिवसांत भूक वाढते, ती वाढू द्या. डिंकाचा लाडू सकाळी एक, तोही लिंबाएवढा वळलेला. गोड मोजकं ठेवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लाडूच लहान वळणं.

मोजकं खाणं म्हणजे मुलाला अर्धपोटी ठेवणं नव्हे, हे मुद्दाम सांगते. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांत उंचीच्या मानानं वजन जास्त असलेल्यांचं प्रमाण 3.4 टक्के निघालं. आधीच्या पाहणीत ते 2.1 होतं. त्याच पाहणीत वयाच्या मानानं उंची खुंटलेली मुलं 35 टक्क्यांवर होती. म्हणजे एकीकडे जास्त होतंय आणि दुसरीकडे पुरेसं मिळतच नाहीये. कधीकधी एकाच घरात, एकाच मुलाच्या ताटात हे दोन्ही असतं. बिस्किटं भरपूर, डाळ-उसळ नावाला. आपलं जुनं ताट या बाबतीत शहाणं होतं. चटणी-लोणचं डावीकडे, बोटभर. गोडाची वाटी सगळ्यात लहान. भाजी, आमटी, भात-पोळी ही मुख्य जागा अडवून बसलेली. प्रमाण मोजायला वजनकाटा लागत नव्हता, वाट्यांच्या आकारातच ते ठरलेलं होतं. लहान वाटी पुन्हा कपाटातून बाहेर काढा.

आणि साखर कुठून येते तेवढं बघा. घरच्या शिऱ्याला आपण टोकतो आणि सहलीला कोलाची बाटली सहज हातात देतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1,700 कॅलरी लागतात. त्यातल्या 5 टक्केच वरच्या साखरेच्या ठेवायच्या म्हटल्या, तर ती भरते जेमतेम 21 ग्रॅम. 300 मिलिलिटर कोलात 30 ग्रॅमहून जास्त असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं, सीबीएसईनं, 2025 मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं ते याचसाठी, कशात किती साखर हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. घरीही हे करता येतं. बाटलीवरचा आकडा मुलाला वाचायला लावा आणि तेवढी साखर त्याच्याच हातानं वाटीत मोजू द्या. पुढचं भाषण वाचतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कपड्याला कधीही खाण्याचा चाबूक करू नका. 'अजून एक पुरणपोळी? मग लग्नातला घागरा बसायचा नाही', 'वर्षात किती सुटलीस, गेल्या दिवाळीचा ड्रेस बघ', 'भाऊ बघ कसा सडपातळ'. ही वाक्यं आपण हसत हसत बोलतो, मुली मात्र ती मनात धरून ठेवतात. वाढत्या वयात गेल्या वर्षीचा कपडा आखूड, घट्ट होणारच. त्यासाठीच तर शिवणीत माया ठेवली होती. ऐन उन्हाळ्यात हूडी न काढणारं मूल पुष्कळदा फॅशन करत नसतं, बदलतं अंग झाकत असतं. त्याच्यावर ओरडू नका. सैलसर, पातळ सुती शर्ट दोन-तीन आणून ठेवा, झाकलंही जाईल आणि उकडणारही नाही. मात्र जेवण टाळणं, चोरून खाणं, खाऊन लगेच न्हाणीघरात जाणं, झपाट्यानं वजन उतरणं किंवा मुलीची पाळी थांबणं यातलं काही दिसलं, तर उपदेश बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या.

आजी-आजोबांनाही विश्वासात घ्या. 'माझ्यासाठी एक घास' यात त्यांची माया असते, पण मुलाचं 'नको' खरं मानलं नाही तर ते पुढे 'नको' म्हणायचंच सोडून देतं. त्यांना दुसरं काम सांगा. जुन्या साड्या मऊ कशा करतात, गोधडीला टाके कसे घालतात, अळूवडीला पान कुठलं निवडतात, हे नातवंडांना त्यांच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?

आणि शेवटी आपलं स्वतःचं. आरशासमोर साडी नेसताना 'फुगलेय नुसती' म्हणणारी आई आणि पंगतीत पाचवा गुलाबजाम घेऊन वर 'उद्यापासून डाएट' म्हणणारा बाबा, दोघांचाही वर्ग चालू असतो; विद्यार्थी दारात उभा असतो. तेव्हा येत्या सणाला एवढं करा. आपल्या मापाचा, ऋतूला शोभणारा, मनाला आवडणारा कपडा घाला, आवडीचा पदार्थ बसून चवीनं खा, आणि पोट भरलं की यजमानांना हसून 'आता पुरे, मस्त झालं होतं' असं म्हणा. मुलांच्या कानावर हे वाक्य पडलं पाहिजे. आग्रह करणाऱ्यांची मनं मोडत नाहीत, आणि पुढच्या लग्नात तुमचं पोरगंही तेच म्हणेल.