नेमबाजीचा अभ्यास

ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडी या खेड्याचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर रायफलच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविता झाला. त्याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेत्या ठरल्या होत्या. अशा वार्ता ऐकून छर्‍याच्या बंदुकीचा हट्ट मुलांनीं धरावा यांत नवल नाहीं. तो पुरवावा कीं नाहीं हा प्रश्न पालकांचा. परंतु तत्पूर्वीं पुढील गोष्टी उभयतांनीं समजून घ्याव्या अशी आमची विनंति आहे.

हवेच्या दाबानें चालणारी बंदूक खेळणें नव्हे. तिचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा घालवूं शकतो. म्हणून बंदूक रिकामी आहे असें कोणी शपथेवर सांगितलें तरी ती भरलेलीच समजावी. नळीचें तोंड अखंड निशाणाकडेच असावें. कोणी हांक मारिली म्हणून बंदुकीसह मागें वळणें हा येथें अक्षम्य अपराध होय. नेम धरीपर्यंत बोट चापावर ठेवूं नये. निशाणाच्या मागें काय आहे हें पाहिल्यावांचून छर्रा सोडूं नये. झाडावरील चिमणीमागें शेजार्‍याची खिडकी असते. (चिमणीवर नेम धरणारा मुलगा नेमबाज नव्हे, हें जातां जातां सांगितलेलें बरें.) कोणी निशाण बदलावयास पुढें गेला असतां बंदूक उघडून खालीं ठेवावी व तिला हात लावूं नये. छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्याखेरीज डबा उघडूं नये.

आतां नेमाविषयीं. १० मीटरांच्या रायफल स्पर्धेंत निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. येथें भूमितींतील समरूप त्रिकोण कामास येतात. मागच्या छिद्रापासून पुढच्या माशीपर्यंतचें अंतर हिशेबासाठीं १ मीटर धरिलें, तर माशी १ मिलिमीटर चुकल्यास निशाणावर ती चूक सुमारें १० मिलिमीटर होते. यास्तव दृष्टि माशीवर ठेवावी; काळें वर्तुळ किंचित् अंधुक दिसलें तरी चालेल.

उभें राहतांना बंदुकीचा भार स्नायूंवर न घेतां हाडांवर घ्यावा. उजवा नेम धरणार्‍यानें डावें कोपर कमरेच्या हाडाशीं टेकवावें. मग नेम धरून डोळे मिटावे, शरीर सैल सोडावें, आणि डोळे उघडावे. नेम बाजूस गेलेला दिसला तर हात न ओढतां पाय सरकवावे. ही एकच संवय पुष्कळ छर्रे वांचविते. अर्धा श्वास सोडून थांबावें आणि चाप हळूहळू, एकसारखा मागें घ्यावा. आठदहा सेकंदांत छर्रा सुटला नाहीं तर बंदूक उतरवून, विसावा घेऊन पुन्हा आरंभ करावा. आमच्या मतें अशी न सोडतां बंदूक उतरविणार्‍या मुलाचेंच शिक्षकानें अधिक कौतुक करावें. छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेंच स्थिर राहावें.

नवशिक्यानें गुण मोजूं नयेत. पांच छर्रे एकमेकांजवळ पडतात कीं नाहीं तेवढें पाहावें. मध्यापासून दूर, पण सर्व एकत्र पडले, तर मागच्या छिद्राचा स्क्रू फिरविला कीं काम झालें. विखुरले असतील तर स्क्रूला हात लावूं नये. दोष उभें राहण्यांत, श्वासांत अथवा चापावरील बोटांत शोधावा.

घरीं बंदूक एका कुलुपांत व छर्रे दुसर्‍या कुलुपांत असावे, आणि दोन्ही किल्ल्या पालकांजवळ.