मिठागरापासून औषधापर्यंत

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. तत्त्वज्ञान किंवा पाली घेणाऱ्याला तो घरीदारी ऐकावा लागतो. विज्ञानाचे विद्यार्थी तरी या प्रश्नातून सुटले असतील, अशी आपली समजूत असते; पण ती खरी नाही. केवळ जिज्ञासेपोटी जीवाणूंचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञालाही हाच प्रश्न विचारला जातो. अशाच एका ‘निरुपयोगी’ अभ्यासातून दुर्धर रोगावरील उपचार कसा निघाला, याची हकीकत येथे थोडक्यात मांडावयाची आहे.

रोग आपल्याला परका नाही. विदर्भात आणि सातपुड्याच्या परिसरात आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात. या रोगात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला हाडासांध्यांत असह्य वेदना होतात. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच रोग होतो. एकाकडूनच आले तर मनुष्य केवळ वाहक राहतो.

या रोगाचे मूळ शोधण्यास बराच काळ लागला. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी अशा वाकड्या पेशींचे प्रथम वर्णन केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, दोष पेशीतील हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५७ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्राम यांनी तो नेमका दाखवून दिला. शेकडो घटकांच्या त्या साखळीत एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच काय तो फरक! एक अक्षर चुकावे आणि साऱ्या वाक्याचा अनर्थ व्हावा, तसा हा प्रकार आहे.

चूक सापडली, परंतु ती दुरुस्त करणार कशी? त्यासाठी लागणारे हत्यार अगदी निराळ्याच वाटेने आले.

१९८७ साली जपानमधील ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांना एका जीवाणूच्या डीएनएमध्ये ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येणारा एकच मजकूर दिसला. त्याचा अर्थ मात्र त्यांना लागला नाही. पुढे स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका या तरुण संशोधकाला सांता पोला येथील मिठागरांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांत तसाच पुनरुक्त मजकूर आढळला. त्याने या कोड्याचा पिच्छा सोडला नाही. या पुनरुक्तींच्या मधले तुकडे जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंचे आहेत, हे २००३ साली त्याच्या ध्यानी आले. म्हणजे जीवाणू आपल्या शत्रूची खूण जपून ठेवतो! नामांकित नियतकालिकांनी हा निबंध परत केला. अखेर २००५ साली तो प्रसिद्ध झाला.

यानंतरचा पुरावा दह्याच्या विरजणातून मिळाला. विरजणातील जीवाणू विषाणूंमुळे मरतात व दुग्धव्यवसायाचे नुकसान होते. डॅनिस्को या कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली प्रयोगाने सिद्ध केले की, विषाणूचा तुकडा साठविलेला जीवाणू त्या विषाणूला दाद देत नाही. २०१२ साली एमान्युएल शार्पेंटिए व जेनिफर डाउडना यांनी दाखविले की, जीवाणूच्या या संरक्षणव्यवस्थेतील कॅस-९ नावाच्या प्रथिनाला आपण हवा तो पत्ता देऊन डीएनए हव्या त्या जागी कापू शकतो. ‘क्रिस्पर’ म्हणून गाजलेली कात्री ती हीच. या कार्याबद्दल दोघींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ही कात्री कोठे चालवावयाची? येथे आणखी एक जुने निरीक्षण कामी आले. १९४८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी नोंदविले होते की, सिकलसेल असलेल्या तान्ह्या मुलांना आरंभीचे काही महिने त्रास होत नाही. कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन निराळे असते व ते जन्मानंतर हळूहळू बंद पडते. ते बंद करण्यात बीसीएल-११-ए या जनुकाचा हात असतो, हे २००८ साली उघड झाले. रोग्याच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी काढून त्यांत या जनुकाचा अंमल कात्रीने कमी करावयाचा आणि त्या पेशी परत शरीरात सोडावयाच्या, अशी युक्ती निघाली. मूळ चूक तशीच राहते. पण बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रोग्यांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाही.

ओसाकाचा जीवाणू, स्पेनचे मिठागर, दह्याचे विरजण आणि तान्ह्या मुलांचे रक्त यांची एकमेकांशी गाठ पडेल, असे आधी कोण सांगू शकला असता? ‘उपयोग काय?’ म्हणून मोहिकाचे काम तेव्हाच बंद केले असते तर ही साखळी मध्येच तुटली असती. अर्थात प्रत्येक जिज्ञासेतून औषध निघतेच असे नाही. बहुतेकींतून निघतही नाही. परंतु कोणत्या जिज्ञासेतून निघेल हे आधी कळत नाही, म्हणून समाजाने सर्वांनाच थोडाबहुत आधार द्यावयाचा असतो.

तथापि, येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरली. शिवाय त्याआधी रोग्याला तीव्र औषधे देऊन त्याची जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यासाठी सुसज्ज रुग्णालय हवे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावरील मुलाला यातले काय मिळणार? आज त्याला आधार आहे तो वेळेवर केलेल्या रक्ततपासणीचा आणि हायड्रॉक्सियुरियासारख्या गोळीचा. आपल्या देशातही अशा जनुकीय उपचारावर संशोधन चालू आहे, ही समाधानाची गोष्ट होय. औषध शोधणे हे प्रयोगशाळेचे काम. ते कोणाला, किती मोलात मिळावे, हे ठरविणे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या प्रांतातले आहे. म्हणजे तो अभ्यास आपला आहे. ‘तुमच्या विषयाचा उपयोग काय?’ असे कुणी विचारले, तर निदान एवढे उत्तर आपल्याजवळ असावे.