डाग दाखवा, तारीख द्या

दातांच्या दवाखान्यात सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा दवाखान्यातच राहते. तोंडात कापूस, ओठ बधिर, डोळ्यांवर दिवा. अशा माणसाला कितीही मोठा धोका सांगितला तरी तो ऐकणार काय आणि विचारणार काय? केंदूरमध्ये आशा सेविका म्हणून घरोघरी फिरताना हे मी बाहेरून पाहत होते. सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्यांच्या दाढेच्या निमित्ताने घरातच पाहायला मिळालं.

आत्या मिश्री लावायच्या. आमच्याकडं त्यांच्या वयाच्या कितीतरी बायकांचं पहाटेचं पहिलं काम तेच. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि चिमूटभर घेऊन हिरड्यांवरून बोट फिरवत बसायचं. "मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाय," हे मी अनेक ओट्यांवर ऐकलंय. गुटखा खातो तो व्यसनी, मिश्री म्हणजे दात घासणं, असा सरळ हिशोब. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मिश्री घरच्या तव्यावर तयार होते, तिला कोण अडवणार? 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 24 टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे चौघांत जवळपास एक.

दाढ हलायला लागली म्हणून आत्यांना नगर रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा हात हलका, दाढ न दुखता निघाली. आत्या कापूस दाबून आडव्याच होत्या, तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "आत पांढरा पॅच आहे. बायोप्सी करून घ्या कधीतरी. आणि ती मिश्री बंद करायला सांगा." कागदावर इंग्रजीत एक ओळ खरडली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर येऊन कापूस थुंकल्यावर आत्या म्हणाल्या, "दाढ काढली ना? मग आता कसली तपासणी? त्याला पैसं हवं असतील." त्यांचं तरी काय चुकलं? डाग त्यांनी पाहिलाच नव्हता, आणि त्यांच्याशी कुणी बोललंही नव्हतं. मी विषय काढला की त्या उठून जायच्या. कांद्याची काढणी झाली, लग्नसराई झाली. तारीख नसलेलं काम शेतकऱ्याच्या घरात असंच मागं पडतं.

पुढं हिरडी सुजली तेव्हा दुसऱ्या एका दंतवैद्य बाईंकडं गेलो. तपासून झाल्यावर त्यांनी खुर्ची सरळ केली, तोंडावरचा मास्क काढला आणि आत्यांच्या हातात आरसा दिला. खालचा ओठ ओढून म्हणाल्या, "मावशी, हा पांढरा डाग दिसतो? कापसानं पुसून बघा. निघत नाही ना? तुम्ही मिश्री लावता तिथंच आहे. हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. असे बरेचसे डाग आहेत तसेच राहतात, काही बिघडतात. कुठला बिघडेल हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायचा. पंधरा दिवसांच्या आत." मग त्यांनी विचारलं, "घरी काकांना काय सांगाल?" आत्या म्हणाल्या, "मिश्रीच्या जागी डाग पडलाय, तुकडा तपासायचाय, अजून हाताबाहेर गेलं नाय."

तुकड्यात कर्करोग निघाला नाही, पण पेशींमध्ये सुरुवातीचा बदल होता. डाग काढून टाकला. आता ठरल्या वेळी तोंड दाखवायला जावं लागतं, आणि आत्या स्वतः आठवण करतात. मिश्रीही सुटली, पण हळूहळू.

यावरून डॉक्टरमंडळींना सांगावंसं वाटतं. धोका सांगायचा तो भूल देण्याआधी, माणूस बसलेला असताना, आणि ज्याचं तोंड आहे त्यालाच. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मिश्रीवाल्या बायका बिनदिक्कत "नाही" म्हणतात, मिश्रीचं नाव घेऊनच विचारा. आरसा द्या, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून दाखवा.

आणि आकडा सांगायचा तर माणसांत सांगा. सुपारीनं तोंड आखडण्याच्या विकाराचे 66 रुग्ण केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात 17 वर्षांच्या काळात तपासले गेले. त्यांतल्या 5 जणांना कर्करोग झाला, म्हणजे शंभरात सात-आठ. हा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे शंभरात सात-आठ. सुपारीचा मावा खाऊन तोंड आखडलेल्या पोराला "तुला कॅन्सर होणारच" म्हटलं तर ते पुन्हा दवाखान्याकडं फिरकत नाही, आणि "काही होत नाही" म्हटलं तर पुडी सोडत नाही. शंभरात सात-आठ म्हटलं की ते निदान विचारात पडतं.

आता आपल्या लोकांसाठी. दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. साखर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, हृदयाची बदललेली झडप, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेलं इंजेक्शन, सगळं दाढ काढायच्या आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्यानं बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. साखर वाढली की हिरड्या चिघळतात आणि हिरड्या चिघळल्या की साखर आटोक्यात राहत नाही, तेव्हा साखरेच्या माणसानं दुखायची वाट बघू नये.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. उपचार काय, दुसरा पर्याय कोणता, धोका कोणता आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे पेशंटला कळेल इतपत सांगूनच संमती घ्यायची असते. सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली समीरा कोहली खटल्यात हेच स्पष्ट केलंय.

घरीही उजेडात आरशापुढं तोंड बघा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, तिखटानं होणारी आग, तोंडात उभी तीन बोटं न जाणं, यांतलं काहीही दिसलं तर दाखवून या. तिशीपुढच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, आम्ही आशा भरतो, त्यात तोंडाचे प्रश्न आहेत; उत्तरं खरी द्या. केरळात तिरुवनंतपुरम भागात आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, तर तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्याचं 2005 मध्ये दिसून आलं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक फुकट लागतो.

आणि पुढची तारीख मराठीत कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. तारीख असली की घरातलं कुणीतरी गाडी काढतंच.